सवलतीला भेट म्हणू नका

बाईंनी माझ्या टेबलावर प्लास्टिकची फाइल ठेवली. आत क्रेडिट कार्डाची बारा महिन्यांची स्टेटमेंटं होती आणि प्रत्येकावर कॅशबॅकच्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारलेली होती. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. गेल्या वर्षी मुलीचे लग्न झाले आणि त्याचा बराचसा खर्च त्यांनी कार्डावर केला: हॉलची आगाऊ रक्कम, कपडे, भांडीकुंडी, फर्निचर, पाहुण्यांची तिकिटे. घरखर्च धरून वर्षभरात सोळा लाखांच्या आसपास. पैसा आयुष्यभराच्या बचतीतला. दर महिन्याचे बिल वेळेवर पूर्ण भरलेले, व्याजाचा एक रुपयाही नाही. वर्षाअखेरपर्यंत एकूण ५३ हजार रुपये कॅशबॅक म्हणून बिलांतून वजा झाले. त्यांचे विवरणपत्र भरून देणाऱ्या सल्लागाराने हे ५३ हजार ‘इतर स्रोतांतून उत्पन्न’ या सदरात दाखवले. बाई २० टक्क्यांच्या टप्प्यात येतात. उपकर धरून ११ हजार २४ रुपये कर भरला गेला. कारण सांगितले ते असे की ५० हजारांवरची भेट करपात्र असते.

“कर भरायला माझी ना नाही,” बाई म्हणाल्या. “पण मला भेट दिली कुणी, तेवढं सांगा.”

या प्रश्नाचे उत्तर त्या सल्लागाराकडे नव्हते. ते कुणाकडेच असू शकत नाही, कारण भेट दिलेलीच नाही.

एकट्या त्या सल्लागाराची ही समजूत असती तर मी लेख लिहायला बसलो नसतो. पण गेली काही वर्षे दर उन्हाळ्यात, विवरणपत्रांचा हंगाम सुरू झाला की हेच मत अर्थविषयक सदरांतून, व्हिडिओंतून, सोसायटीच्या ग्रुपवरून फिरू लागते. त्याची मांडणी थोडक्यात अशी: कॅशबॅक आणि रिवॉर्ड पॉइंट्स म्हणजे बँकेने फुकट दिलेला पैसा. फुकट मिळालेला पैसा म्हणजे भेट. आयकर कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे अशी भेट वर्षाला ५० हजारांच्या वर गेली की सगळी रक्कम करपात्र. तेव्हा पॉइंट्स मोजा, बेरीज करा आणि उत्पन्नात दाखवा. शेवटी एक वाक्य हमखास जोडलेले असते, की शंका असेल तर दाखवून टाकलेले बरे. यातली प्रत्येक पायरी चुकीची आहे, आणि ते शेवटचे वाक्य सर्वांत जास्त नुकसान करणारे आहे.

आधी ते कलम जन्माला का आले ते पाहू. आपल्याकडे १९५८ पासून गिफ्ट टॅक्सचा स्वतंत्र कायदा होता आणि कर देणाऱ्यावर बसत असे. १ ऑक्टोबर १९९८ पासून तो उठला. मग भेटींच्या नावाखाली बेहिशेबी पैसा पांढरा करण्याचा रस्ता मोकळा झाला. ओळख ना पाळख अशा माणसाकडून लाखांची भेट आल्याचे कागद तयार व्हायचे आणि आपलाच लपवलेला पैसा धुऊन घरी यायचा. तो रस्ता बंद करण्यासाठी सप्टेंबर २००४ पासून घेणाऱ्यावर कर आणला गेला. तेव्हा मर्यादा २५ हजार होती, २००६ मध्ये ती ५० हजार झाली. ऑक्टोबर २००९ पासून रोख रकमेबरोबर काही ठरावीक मालमत्ताही त्यात आली, आणि एप्रिल २०१७ पासून पोटकलम २ चा दहावा खंड म्हणून सध्याची तरतूद आली. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. मी जुनेच आकडे वापरतो आहे, कारण लोकांच्या तोंडी आणि जुन्या विवरणपत्रांत तेच आहेत. सांगायचे ते इतकेच: खोट्या दानपत्रांना पकडण्यासाठी विणलेले हे जाळे आहे. त्यात किराण्याच्या बिलावरची सूट अडकवायची, हा अर्थ संसदेने कधी सांगितला?

आता तरतुदीचे शब्द. कर बसतो तो ‘मोबदल्याशिवाय’ मिळालेल्या रकमेवर. सगळा डोलारा या एका शब्दावर उभा आहे आणि ज्यांना कॅशबॅक भेट वाटतो ते हाच शब्द ओलांडून पुढे जातात. भेट म्हणजे काय हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १२२ सांगते: स्वेच्छेने आणि मोबदल्याशिवाय दिलेले. बँक कॅशबॅक स्वेच्छेने देते का? कार्ड घेताना आपण करारावर सही करतो. किती खर्चावर किती पॉइंट, कुठल्या खर्चावर शून्य, महिन्याची कमाल मर्यादा किती, हे सगळे त्यात लिहिलेले असते. त्या कार्डासाठी आपण वार्षिक शुल्क भरतो, त्यावर १८ टक्के जीएसटी भरतो. अट पूर्ण करूनही कॅशबॅक आला नाही तर बँकेकडे तक्रार करतो, आणि दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ शकतो. भेट न मिळाल्याची तक्रार लोकपालाकडे करता येते का? जे हक्काने मागता येते ते दान कसे?

बँकांचे स्वतःचे हिशेबही हेच सांगतात. मोठ्या बँकांचे वार्षिक अहवाल उघडून पाहा. ग्राहकांनी अजून न वापरलेल्या पॉइंट्ससाठी तिथे तरतूद केलेली दिसते, आणि तीही विमागणितज्ञाच्या अंदाजावरून. म्हणजे बँकेच्या वहीत ते देणे आहे. देणाऱ्याने आपल्या कागदात जे देणे म्हणून लिहिले तेच घेणाऱ्याच्या कागदात बक्षीस कसे ठरेल?

यावर ठरलेले उत्तर येते: दुकानदाराने किंमत कमी केली तर ती सूट, पण इथे पैसे तिसऱ्याच माणसाने, बँकेने दिले. विरोधी बाजूकडचा हाच एक युक्तिवाद विचार करण्याजोगा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. कार्ड घासल्यावर दुकानदाराच्या हातात पूर्ण रक्कम पडत नाही. ठरावीक टक्के कापून उरलेली पडते. ते कापलेले पैसे बँका आणि कार्डाचे जाळे चालवणारी कंपनी वाटून घेतात, आणि त्यातलाच एक तुकडा कॅशबॅक होऊन ग्राहकाकडे परत येतो. म्हणजे पैसा निघाला कुठून? ग्राहकाने दिलेल्या किमतीतूनच. शंभराची वस्तू घेतली, दुकानदाराला अठ्ठ्याण्णव पोचले, दोनातला एक आपल्याकडे परतला. आपल्याला ती वस्तू नव्याण्णवला पडली. परतीचा रुपया दुकानदाराच्या हातून आला की बँकेच्या, याने वस्तूची किंमत बदलते का? मोटार आपण डीलरकडून घेतो आणि त्यावरची सूट कित्येकदा कंपनी देते. तो लाखभर रुपयांचा लाभ भेट म्हणून विवरणपत्रात दाखवा, असे आजवर कुठल्या सल्लागाराने सांगितले आहे? अमेरिकेच्या कर खात्याने १९७६ सालीच निर्णय दिला की मोटार कंपनीने किरकोळ ग्राहकाला दिलेली अशी परतफेड हे ग्राहकाचे उत्पन्न नाही, ती खरेदीच्या किमतीतली घट आहे. तिथेही पैसे विक्रेत्याने दिलेले नव्हते.

आपल्याकडेही किंमत कमी होण्याची ही भाषा खात्याला परकी नाही. जुलै २०२२ पासून कलम १९४-आर आले. व्यवसायात मिळालेला लाभ वर्षाला २० हजारांवर गेला तर देणाऱ्याने १० टक्के कर कापावा, असे ते सांगते. तेव्हा व्यापाऱ्यांत घबराट पसरली की आता प्रत्येक सवलतीवर कर कापावा लागणार. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १६ जून २०२२ च्या १२ क्रमांकाच्या परिपत्रकात खुलासा केला की विक्रीवरची सूट, रोखीची सूट आणि रिबेट यांवर ही कपात करायची नाही. त्याच परिच्छेदात मंडळाने सवलतीला तर्काने लाभही म्हटले आहे, हे मी लपवत नाही. पण त्या आधीच्याच वाक्यात मंडळ म्हणते की सवलत म्हणजे विक्रेत्याच्या हाती कमी किंमत पडणे, आणि तेवढ्याने ग्राहकाची खरेदीकिंमतही कमी होते. शिवाय ते कलम व्यवसाय-धंदा करणाऱ्यांचे आहे. मुलीसाठी कपाट घेणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचा त्याच्याशी काय संबंध?

पुढची पायरी. ‘पैसे जमा झाले, म्हणजे उत्पन्न झाले’ अशी एक ढोबळ समजूत या मताच्या मुळाशी आहे. कर्ज घेतले तरी पैसे जमा होतात. परत केलेल्या साडीचे पैसेही जमा होतात. रद्द केलेल्या तिकिटाचेही होतात. त्यांना उत्पन्न म्हणतो का? उत्पन्न म्हणजे पदरात पडलेली खरी भर. मुंबईच्या शूरजी वल्लभदास कंपनीच्या खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितले आहे. जहाज कंपन्यांकडून मिळायचे कमिशन १० टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आले होते आणि वहीत मात्र आधीच्या दराची नोंद होती. न्यायालय म्हणाले की उत्पन्न झालेच नसेल तर वहीतल्या नोंदीने ते निर्माण होत नाही. बाईंच्या घरात काय भर पडली? सोळा लाख खर्च करून त्या ५३ हजारांनी श्रीमंत झाल्या, की त्यांचा खर्च १५ लाख ४७ हजारांवर आला?

आणि पॉइंट्सचे काय? इथे तर पुस्तक उघडायचेही कष्ट कुणी घेतलेले दिसत नाहीत. रोख रकमेशिवाय जी मालमत्ता या खंडात येते तिची यादी कायद्यातच दिलेली आहे: जमीन आणि इमारत, शेअर आणि रोखे, दागिने, पुराण वस्तूंचे संग्रह, रेखाचित्रे, चित्रे, शिल्पे, इतर कलाकृती, सोन्याचांदीची लगड, आणि २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्ता. यादी संपली. मित्राने मोटार भेट दिली तरी ती या यादीत बसत नाही, हे कर सल्ल्याच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मोटार बसत नाही, आणि विमानाचे माइल्स, हॉटेलची रात्र, विमानतळाच्या लाउंजमधला चहा बसतो?

समजा, वादापुरते, बसतो. मग किंमत कशी लावणार? तोच पॉइंट बिलात वळता केला तर वीस-पंचवीस पैशांचा, तिकिटाला वापरला तर रुपयाचा, आणि मुदत संपली की शून्याचा. कुठला आकडा धरायचा? पॉइंट मिळाला त्या दिवशीचा की वापरला त्या दिवशीचा? कंपनीने मध्येच दर बदलला तर? मोजमापाची रीतच नसेल तर कराची आकारणी टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली व्यवसायाच्या नावलौकिकाच्या विक्रीसंबंधात ठरवले आहे. संपादनाची किंमत काढता येत नाही अशा गोष्टीवर भांडवली नफ्याचा कर बसू शकत नाही, असा तो निकाल. पॉइंट्सची ‘योग्य किंमत’ म्हणून मनाने आकडा ठोकून देणाऱ्यांनी तो वाचावा.

पन्नास हजारांची रेघही या मताचा कच्चेपणा उघडा पाडते. भेटीच्या तरतुदीप्रमाणे ५० हजारांपर्यंत काही नाही, आणि त्यावर एक रुपया गेला की सगळी रक्कम करपात्र. खऱ्या भेटीसाठी ही रेघ ठीक आहे. पण सूट ४९ हजारांपर्यंत सूटच राहते आणि ५१ हजारांना अचानक तिचे दान होते, हे कुठल्या तर्कात बसते? भाजीवालीने जुडीबरोबर चार काड्या कोथिंबीर घातली तर ती घासाघिशीतली सूट, आणि मोठी जुडी घातली की दान?

मग लोक घाबरतात कशाला? कारण एक खरी गोष्ट या खोट्या मताला चिकटली आहे. वर्षभरात कार्डाचे १० लाख किंवा त्याहून जास्त बिल भरले, किंवा रोखीने एक लाख भरले, तर कार्ड देणारी बँक ते आयकर खात्याला कळवते. वार्षिक माहिती विवरणात ती रक्कम दिसते. बाईंच्या विवरणात सोळा लाख दिसले आणि सल्लागाराचे धाबे दणाणले. पण खात्याचा प्रश्न तिथे वेगळा असतो: एवढा खर्च केला तो पैसा आणला कुठून? त्याचे उत्तर बाईंकडे मुदत ठेवींच्या पावत्यांसकट तयार होते. सल्लागाराने न विचारलेल्या प्रश्नाला चुकीचे उत्तर दिले आणि विचारला जाऊ शकणाऱ्या प्रश्नाची फाइल बनवलीच नाही.

माझा राग खरा इथे आहे. सगळ्या पॉइंट्सना सरसकट भेट म्हटले की जिथे खरोखर कर लागतो त्या जागा झाकल्या जातात. दुकानदार धंद्याची खरेदी कार्डावर करतो, तीन लाखांवर नऊ हजार कॅशबॅक घेतो आणि वहीत खर्च मात्र पूर्ण तीन लाखांचा टाकतो. त्याला खर्च २ लाख ९१ हजारच दाखवायला हवा, नाहीतर तेवढा लाभ धंद्याच्या उत्पन्नात धरायला हवा. त्यात ५० हजारांची मर्यादा नाही, पहिल्या रुपयापासून. पण त्याने ऐकलेले असते की ५० हजारांच्या आत सगळे माफ, आणि तो निर्धास्त असतो. कार्ड कंपनीच्या सोडतीत मोटार लागली तर ती सवलत नव्हे, बक्षीस आहे, आणि त्यावर ३० टक्क्यांचा वेगळा दर आहे. ओळखीच्यांना कार्ड घ्यायला लावून मिळालेला बोनस ही दलाली आहे. ओळखीच्या दुकानात कार्ड घासून माल न घेता रोख उचलायची, त्याच रोखीने बिल भरायचे आणि पॉइंट्स खिशात घालायचे, यात खरेदीच नाही, मग कुठल्या किमतीतली सूट? तिथे जे उरते ते उत्पन्नच.

अमेरिकेच्या कर न्यायालयाने २०२१ साली ही रेघ नीट ओढली आहे. एका दांपत्याने ५ टक्के कॅशबॅकच्या कार्डावर गिफ्ट कार्डांचे गठ्ठे घेतले, त्यांच्या मनीऑर्डर केल्या, त्या बँकेत भरल्या आणि त्याच पैशाने कार्डाचे बिल फेडले. दोन वर्षांत तीन लाख डॉलरांहून जास्त कॅशबॅक जमला. खात्याने सगळ्यावर कर मागितला. न्यायालयाने गिफ्ट कार्डांच्या खरेदीवरचा कॅशबॅक उत्पन्नातून वगळला, कारण ती खरेदी होती. थेट मनीऑर्डरी घेण्यावर आणि डेबिट कार्डात पैसे भरण्यावर मिळालेला मात्र करपात्र ठरवला, कारण तिथे ना वस्तू घेतली होती ना सेवा. खात्याने याबद्दल स्पष्ट नियम करावेत, असेही सुचवले. त्याआधी २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने बँकेत खाते उघडल्याबद्दल मिळालेल्या पॉइंट्सच्या तिकिटावर कर लावला होता, कारण ते खर्चावरचे नव्हते, ठेवीच्या व्याजासारखे होते. हे निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत. पण खरेदी झाली का, हा एकच प्रश्न विचारून गुंता किती सुटतो, ते त्यातून दिसते.

राहिले ते ‘दाखवून टाकलेले बरे’. कुणासाठी बरे? सल्लागारासाठी, कारण त्याला नोटिशीला उत्तर द्यायला नको. ११ हजार २४ रुपये मात्र बाईंचे गेले. संविधानाचे कलम २६५ सांगते की कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता किंवा गोळा करता येणार नाही. सरकारला जे मागता येत नाही ते आपण भीतीपोटी नेऊन द्यायचे? ११ एप्रिल १९५५ च्या १४ क्रमांकाच्या परिपत्रकात खात्याने आपल्याच अधिकाऱ्यांना बजावले आहे की करदात्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊ नका, त्याला मिळण्याजोगी सवलत त्याच्या लक्षात आणून द्या. सत्तर वर्षांपूर्वी अधिकाऱ्याला जी नीती सांगितली गेली ती आज फी घेणाऱ्या सल्लागाराला लागू नाही?

मंडळाने आता एक पानी परिपत्रक काढावे. घरगुती खरेदीवर मिळालेला कॅशबॅक आणि पॉइंट्स ही किमतीतली घट आहे, कलम ५६ ची भेट नव्हे. धंद्याच्या खर्चावर मिळालेले धंद्याच्या हिशेबात दाखवावेत. सोडत, दलाली आणि खरेदीशिवाय फिरवलेला पैसा यांना त्यांची-त्यांची कलमे लागतील. तीन वाक्ये पुरेत.

बाईंचे सुधारित विवरणपत्र मी भरले. ‘इतर स्रोतांतून उत्पन्न’ या सदरात बचत खात्याचे आणि ठेवींचे व्याज जसेच्या तसे ठेवले आणि ५३ हजारांची ओळ काढली. परताव्याची रक्कम ११ हजार २४ आली. बाईंनी विचारले, “कुणी विचारलं तर?” ठेवींच्या पावत्या, बारा स्टेटमेंटं आणि कार्डाचा करार मी एकाच फाइलमध्ये लावून दिला आणि वरच्या कागदावर माझे नाव आणि फोन नंबर लिहिला.